मावशींना विचारणाऱ्या रिक्षावाल्या दादांना

रिक्षावाले दादा,
स.न.वि.वि.

तुमचा नंबर माझ्याकडे आहे. पण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘बरं बरं ताई, पॅसेंजर आहे, ठेवतो’ म्हणता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

जानेवारीत आईला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. व्हीलचेअर पाहून तीन रिक्षा न थांबताच गेल्या. चौथी तुमची. तुम्ही उतरलात, माझ्याकडे न बघता थेट आईला म्हणालात, “मावशी, कुठल्या बाजूनं धरू? दुखतं कुठे?” खुबा मोडल्यापासून दोन वर्षं झाली, लोक आईसमोर मलाच विचारतात, “त्यांना चहा चालतो का?” आईला काय हवंय ते आईला विचारणारे तुम्ही पहिलेच.

वाटेत तिनं तुम्हाला सगळी कहाणी सांगितली. पुण्यात पेठेतल्या शाळेत ती इतिहास शिकवायची आणि २२ फेब्रुवारीला मुलींना आगाखान पॅलेसला न्यायची. १९४४ साली त्याच दिवशी कस्तुरबा तिथे, स्थानबद्धतेत असताना गेल्या. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई तर अटकेनंतर आठवड्याच्या आतच, १५ ऑगस्ट १९४२ला. दोघांच्या समाध्या तिथल्याच आवारात आहेत. “महालात ठेवलं तरी कैद ती कैदच,” असं आई मुलींना सांगायची. हल्ली हे वाक्य ती आमच्या बिनलिफ्टच्या पहिल्या मजल्याबद्दल वापरते.

तुम्ही लगेच म्हणालात, “मग यंदा जाऊ की!” मी विषय टाळला. कारण आधीच्या दिवाळीत आम्ही एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो होतो (नाव घेत नाही). तिथे रॅम्प होता, पण त्याच्या तोंडाशी दुचाक्या लावलेल्या. त्या हलवून घेतल्या तर पुढे घसरगुंडी. फूटभर चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो, इथे दोन फुटांसाठी जेमतेम सहा फूट. चार अनोळखी माणसांनी न विचारता आईला खुर्चीसकट उचललं. मनानं चांगलीच होती ती माणसं. पण त्यानंतर आईनं बाहेर जायचं नावच काढलं नाही. एके काळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या बोलत बोलत चढणारी बाई!

मेट्रोचा विचार मीही केला होता. वनाज-रामवाडी मार्गावर कल्याणीनगर स्टेशन आगाखान पॅलेसपासून जवळ आहे, स्टेशनात लिफ्ट आहे. पण आमच्या दारापासून स्टेशनापर्यंतचा फुटपाथ कोण देणार? कुठे फरशी उखडलेली, कुठे मधोमध विजेचा डीपी.

आणि तुम्ही काय केलंत? २२ तारखेच्या आधी एका दुपारी नगर रोडचं भाडं सोडून परस्पर पाहून आलात. संध्याकाळी फोन: “ताई, एका हॉटेलात कमोड आहे, उंबरा नाही. दार तीन विती आणि दोन बोटं आहे. खुर्ची मी मोजलीय, जाते. मालकाला सांगून ठेवलंय.” मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जरा वेळ उभीच राहिले. बाहेर जायचं म्हटलं की आई आदल्या रात्रीपासून पाणी बंद करते, हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. विचारलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, “बाबांचं केलंय मी.”

त्या दिवशी आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिना उतरवताना तुम्ही खालची बाजू धरलीत. भार तिथेच येतो, हे माझ्या भाच्याला तेव्हा कळलं. घडी केलेली व्हीलचेअर सायकलच्या ट्यूबनं बांधलीत. प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी “मावशी, धरा.” उतारावर खुर्ची उलटी फिरवून मागे मागे न्यायची, पायरी चढायची तर खुर्ची मागे कलवून पुढची छोटी चाकं आधी वर घ्यायची, आईला उठवण्याआधी ब्रेक लावून पाय ठेवायचे पायटे वर करायचे. दोन वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं. खुर्ची विकणाऱ्यानंही नाही.

समाधीपाशी आईनं पदर डोक्यावर घेतला. तुम्ही लांब, झाडाखाली जाऊन उभे राहिलात. मग आईनं तुम्हाला हाक मारली आणि पाऊण तास वर्ग घेतला, त्याबद्दल तिच्या वतीनं माफी. १८९२चा महाल, दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधलेला, हे तुम्ही परतताना मलाच ऐकवलंत.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा आहे, त्यात सार्वजनिक जागा सुगम करण्याची सक्ती आहे. ती ज्यांनी करायची त्यांच्याशी माझं वेगळं भांडण चालू आहे. हे पत्र तुमचं आहे. तुम्ही मीटरप्रमाणेच पैसे घेतलेत, थांबल्याचेही लावले नाहीत. त्यावर आई अजून चिडलेली आहे.

आता तिला पाताळेश्वरची लेणी बघायचीयत. जंगली महाराज रस्त्यावरून खाली उतरावं लागतं, हे तिला आठवतंय. किती पायऱ्या ते नाही. “दादा मोजून येतील,” म्हणते. तुमच्या सवडीचा वार कळवा. आई तयार राहील, आणि या वेळी सकाळी पाणी पिऊन.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची ताई