कुळथाच्या पिठाचा डबा तसाच परत आला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीला कोकण विभाग राज्यात पहिला ही बातमी दर वर्षी पेपरात मोठी येते, 2025 ला 96.74 टक्के निकाल लागला, अभिमान वाटतोच, पण त्यानंतर ही पोरं बॅग भरून पुण्या-मुंबईला जातात तेव्हा घराघरात काय होतं यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

माझी मुलगी त्याच वर्षी जुलैत पुण्याला बीएस्सी कॉम्प्युटरला गेली. आम्ही देवगड तालुक्यातले, थोडी कलमं आहेत. आमच्याकडे मनातलं बोलून दाखवायची पद्धतच नाही. मी पहिल्यांदा मुंबईला निघालो तेव्हा वडलांनी एसटीच्या खिडकीतून पैसे हातात कोंबले आणि मागे न बघता चालू लागले. मी पण तेच केलं. गाडी सुटेपर्यंत बॅग वर ठेव, पाणी जवळ ठेव, मोबाईल सांभाळ, बस्स एवढंच. तिचे ओठ थरथरत होते, मला दिसत होतं आणि मी कंडक्टरशी बोलायला वळलो.

पुढचा दीड महिना रोज रात्री फोन. "जेवलंस?" "जेवलंय." "बरा मां सगळा?" "होय बाबा." मग फोन आईकडे, तिथेही तेच. आम्हाला वाटलं रुळली पोरगी.

गणपतीला आली. बॅग रिकामी करताना हिच्या हाताला कुळथाच्या पिठाचा डबा लागला, झाकणाची टेपसुद्धा निघालेली नव्हती. होस्टेलवर शेगडी चालत नाही, पिठी करणार कशावर? पण आईने कुळीथ भाजून जात्यावर दळून दिलेलं, तिला वाईट वाटेल म्हणून पोरगी फोनवर "पिठी मस्त झाली" सांगत राहिली. हिने डबा समोर धरला आणि ती ढसाढसा रडली. मग एकेक बाहेर आलं, तिच्या बोलण्याच्या हेलाला मुलं हसायची, इंग्लिशमधलं लेक्चर डोक्यावरून जायचं, फोन ठेवला की पांघरूण घेऊन रडायची, परत यावंसं वाटायचं पण बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलंय मग सांगायचं कसं.

कर्जाचं मीच तिच्यासमोर दहा वेळा बोललो होतो. वाटायचं, याने पोरीला जाणीव राहील. तिचं तोंडच बंद झालं त्याने.

गौरी-गणपती पोचवून आलो त्या रात्री खळ्यात बसून मी तिला सांगितलं की तू गेल्यावर कितीतरी दिवस संध्याकाळी तुझ्या वाटणीचा चहा ठेवायला मी हिला सांगत होतो. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मगे बाबा, ह्या फोनवर कित्याक नाय सांगलास?"

आता फोनवर मी आधी आमचं सांगतो, माकडांनी नारळ पाडले, गाय व्यायली, माझी पाठ धरलीय, आणि मग ती आपणहून बोलते, कधी कधी अर्धा अर्धा तास.

मुलग्यांचं तर आणखी कठीण, त्यांना कोणी "करमतंय का" एवढंही विचारत नाही. तालुक्यातल्या ज्युनियर कॉलेजांनी निकालानंतर पालकांना एकदा बोलवावं आणि आधी बाहेर शिकून आलेल्या पोरांना त्यांच्यासमोर बोलू द्यावं, सत्कार नंतर करा. आणि तुम्हाला विनंती, निकालाच्या दिवशी टॉपर्सच्या फोटोंशेजारी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर छापा, सरकारचा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. माझ्या मुलीला तो माहीत नव्हता, मलाही नव्हता.

दिवाळीनंतर ती परत निघाली तेव्हा हिने आधी विचारलं, काय देऊ गो? म्हणाली, शिजवायचं काही नको, खटखटे लाडू दे, आणि रूममधल्या चौघींना पुरतील एवढे दे.

आपला,
एक पालक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग