टाइल्सवाल्यांनो, आभार!

विश्रामबागला चहाच्या गाड्यावर आमचं बाथरूमच्या फरशीचं पुराण ऐकून मधेच बोललेल्या काकांचे आधी आभार. "घरात म्हातारं माणूस हाय न्हवं? मग चकचकीत घेऊच नका, मॅट बघा, अँटी-स्किड, पाय न घसरणारी," म्हणाले आणि माधवनगर रोडचं दुकानही सांगितलं. (सांगलीत सल्ला फुकट मिळतो, कामाचा क्वचितच.) दुकानातल्या ताईंनी तर नमुन्यावर पाणी ओतून आईला अनवाणी उभं केलं! मग स्वयंपाकघराच्या भिंतीला महाग व्हिट्रिफाइड (जास्त घट्ट भाजलेली टाइल) कशाला, साधी सिरॅमिक चालते, असं सांगून आमचेच पैसे वाचवले. माल गुजरातच्या मोरबीचा. प्रत्येक खोक्यावरचा बॅच आणि शेड नंबर (रंगछटेत फरक नको म्हणून) जुळवूनच टेम्पोत चढवणाऱ्या दोघा हमालदादांना तर किती धन्यवाद द्यावेत! चहा आमच्याकडं लागला, कधीही या.