आयटीआयनंतरही वाट आहे

दहावीचा निकाल लागला की मराठवाड्यात चर्चा एकच, लातूरला कुठल्या क्लासला घालायचे? ज्याला ५५ टक्के पडले, त्याच्या घरी ‘आता आयटीआयला टाका’ असे सुतकी चेहऱ्याने सांगितले जाते. जणू शिक्षण संपलेच! प्रत्यक्षात दोन वर्षांचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पूर्ण केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि डिप्लोमानंतर पदवी अभियांत्रिकीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. २०१३ मध्ये अधिसूचित झालेला राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा याचसाठी आहे. हाताने शिकलेल्या कामालाही ठरलेला स्तर मिळाला, तर वाळूजच्या कारखान्यात लागलेल्या पोराला पुन्हा वर्गात परतता येते. पण ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांना हे सांगणार कोण? नववी-दहावीला काही शाळांत याच आराखड्यातले व्यावसायिक विषय आहेत, तेही अनेकांना ‘टक्के वाढवणारे’ एवढेच ठाऊक. शाळांनी निकालाच्या दिवशी गुणपत्रिकेसोबत हे मार्ग एका पानावर छापून द्यावेत. सोबत जवळच्या शासकीय आयटीआयचा पत्ताही. खर्च असा कितीसा येणार?

— एक निवृत्त शिक्षिका, धारूर (जि. बीड)