रक्त काढून देणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

प्रबंधातल्या आभाराच्या पानावर तुमच्या वाट्याला एकच ओळ आली. ती पुरत नाही, म्हणून हे पत्र जाहीरच लिहितेय.

कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात नि आतड्यात निवांत राहते, हे कळल्यावर तुम्ही विचारलं होतंत, "मग मोजता काय?" प्रबंधाच्या तोंडी परीक्षेतही इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नाही! तेव्हा घाईत उत्तर दिलं होतं, आता नीट सांगते.

बुरशी मोजायची नव्हतीच. तिला ओळखणाऱ्या टी-पेशी (रक्तातल्या संरक्षक पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) किती आणि ओळख पटल्यावर त्या काय करतात, ते बघायचं होतं. मोठ्या माणसांच्या रक्तात अशा पेशी बहुधा सापडतातच, पण मोजक्या. त्यातल्या बऱ्याचशा आयएल-१७ नावाचा निरोप्या रेणू सोडतात, हे २००७ साली स्वित्झर्लंडमधल्या बेलिन्झोनाच्या संशोधकांनी दाखवलं. हा रेणू जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींना बोलावून आणतो. एसटीएटी३ जनुकात जन्मजात दोष असेल तर आयएल-१७ सोडणाऱ्या या टी-पेशी नीट घडत नाहीत आणि बुरशी तोंडात, नखांत ठाण मांडते. एचआयव्हीच्या रुग्णांच्या जिभेवरचा पांढरा थर तर तुम्ही वॉर्डात पाहिलेलाच आहे.

तुम्ही दिलेलं रक्त पातळ करून मी फायकॉल या दाट द्रवावर अलगद सोडायची, म्हणजे फिरवल्यावर पेशींचे थर वेगळे होतात. गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज यंत्र थांबताना ब्रेक लावायचा नाही, नाहीतर थर ढवळतात. प्लाझ्माखाली (रक्तातल्या पिवळसर पाण्याखाली) या पेशींचं धुरकट पांढरं कडं दिसलं की पिपेटनं तेवढंच उचलायचं. पेशींना सीएफएसई हा चमकणारा रंग द्यायचा, मारलेल्या बुरशीचा अर्क घालायचा आणि आठवडाभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं. पेशी दुभंगली की रंग निम्मा होतो, पुन्हा दुभंगली की पाव. बुरशी ओळखणाऱ्या पेशीच अशा दुभंगत जातात, म्हणून फ्लो सायटोमीटर या पेशींची चमक मोजणाऱ्या यंत्रावर या फिकट पेशी मोजायच्या आणि अर्काविना ठेवलेल्या पेशींचा आकडा त्यातून वजा करायचा.

यातलं काहीही रक्त गोठलं तर जमत नाही. रक्त गोठू न देणारं औषध असलेली हिरव्या टोपणाची ट्यूब तुम्ही कधी खसाखसा हलवली नाहीत. हलक्या हातानं उलटीसुलटी करायचात आणि लगेच लेबलवर वेळ टाकायचात. शिवाय तुमची ती वही! माझ्या फॉर्मात औषधांचा रकाना होता, पण दम्याचा पंप लोक औषधात धरतच नाहीत. तुम्ही मुद्दाम विचारायचात, "पंप बिंप घेता का हो?" अशा पंपात बरेचदा स्टिरॉइड असतं आणि स्टिरॉइडनं टी-पेशी दबू शकतात, त्यामुळे एखादा आलेख विचित्र आला की मी आधी वही उघडायची, मग यंत्रावर संशय घ्यायची.

रक्त देणाऱ्यांपैकी कुणी "माझा रिपोर्ट?" म्हणालं तर एवढं सांगा, की ही रोगनिदानाची चाचणी नाही. एकट्या माणसाचा आकडा बरा की वाईट, हे त्यावरून ठरत नाही.

जूनमध्ये नवी विद्यार्थिनी रुजू होतेय. पहिल्या दिवशी तिला तुमच्याकडेच पाठवते.

तुमची,
बुरशीवाली