सिनात्रा बघायचा कसा

इंदूर, रविवार

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना की तो अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा हा ऐकायचा माणूस, बघायचं काय त्यात, सूट घालून उभा राहतो आणि गातो, बास. तेव्हा ही जेवायला हाका मारत होती म्हणून वाद घातला नाही, पण डोक्यातून काही जाईना. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून मुद्दाम पत्र. आता बस वाचत.

तू बघितलास तो १९७४ चा मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा कार्यक्रम, बरोबर? लोकांना पहिल्यांदा तोच सापडतो. ऑक्टोबर महिना, अमेरिकेच्या एबीसी चॅनलवर लाइव्ह, स्टेज बॉक्सिंगच्या रिंगसारखं केलेलं, आणि सुरुवातीला हॉवर्ड कोसेल, म्हणजे जो खरोखर बॉक्सिंगची कॉमेंट्री करायचा तोच, हेवीवेट चॅम्पियन यावा तशी ओळख करून देतो. मजा आहे, नाही म्हणत नाही. पण बाबा तो अठ्ठावन्न वर्षांचा, आवाज खरखरीत झालेला, आणि पब्लिक चारी बाजूंनी, म्हणजे गाताना कुणाकडे तरी पाठ होणारच. तो बिचारा फिरत राहतो, कॅमेरा त्याच्या मागे मागे. ते सगळं विजयी मिरवणुकीसारखं आहे, आणि मिरवणुकीत गाणं कोण ऐकतं? १९८० चं रिओचं माराकाना स्टेडियम तर त्याहून मोठं, लाखाच्या वर माणसं, तिथे तो ठिपक्याएवढा.

आता हे लोक मुळात गातात कसे ते बघ. माइक नव्हता तेव्हा गाणाऱ्याला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागायचा, आपल्या संगीत नाटकवाल्यांनी हेच केलं, छाती फोडून. माइक आला आणि एकदम कानाशी येऊन गाता यायला लागलं, सिनात्राच्या आधीचा गायक बिंग क्रॉस्बी, त्याने ते जमवलं आणि सिनात्राने त्यात जीव ओतला. टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये होता तेव्हा डॉर्सी ट्रॉम्बोन वाजवताना श्वास कुठे चोरतो ते बघून बघून हा लांब ओळी न तोडता म्हणायला शिकला. म्हणजे हे गाणंच मुळी एका माणसासाठी आहे. मग ते स्टेडियममध्ये बघून कसं कळणार रे? त्याला कॅमेरासुद्धा माइकइतकाच जवळ पाहिजे. आणि तो जवळ आला कुठे, तर टीव्हीच्या स्टुडिओत.

१९६७ चा एनबीसी चॅनलचा कार्यक्रम काढ, ज्यात जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड आहे आणि ब्राझीलचा संगीतकार अंतोनियो कार्लोस जोबिम आहे. त्यातला जोबिमबरोबरचा भाग आधी बघ, बाकीचं नंतर. दोघं शेजारी शेजारी बसलेत, जोबिमच्या हातात गिटार, सिनात्राच्या हातात सिगारेट, आणि हा जवळजवळ बोलल्यासारखा गातोय, आवाज इतका खाली की शेजारच्या खोलीत मिक्सर चालू असेल तर बुडाला. मी टीव्हीला मोबाइल जोडून रात्री सगळे झोपल्यावर बघितलं. हातातल्या सिगारेटचा धूर त्याच्या तोंडासमोरून जातोय आणि हा ओळ सोडत नाही, ओळ संपली की मग कुठे झुरका. सिगारेट बंदच करावी हे मान्य, पण ते टायमिंग बघ!

त्याच्या दोन वर्षं आधीचा, नोव्हेंबर १९६५ चा, तर अख्खा तासभर एकट्याचा आहे. पाहुणा नाही, विनोद नाही, नाच नाही, नुसती गाणी. त्या काळी अमेरिकन टीव्हीवर असा कार्यक्रम म्हणजे चार पाहुणे आणि मधे मधे नकला हा ठरलेला मेनू, आणि हा म्हणाला नको, मी आणि ऑर्केस्ट्रा. गंमत म्हणजे पहिल्यांदा रेकॉर्डिंगला उभा राहिला तेव्हा सर्दी झालेली, आवाज बसलेला, ते सगळं टाकून पुन्हा करावं लागलं. गे तलीज नावाच्या पत्रकाराने त्या सर्दीवर एस्क्वायर मासिकात इतका जबरदस्त लेख लिहिला की पत्रकारितेच्या वर्गात अजून वाचायला देतात. माणसाची सर्दीसुद्धा गाजली, बोल! आणि कार्यक्रमाला एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालं ते वेगळंच.

सगळं टीव्हीवर जमलं असंही नाही हं. पन्नासच्या दशकात त्याचे स्वतःचे दोन शो आले आणि पडले. आणि १९६० मध्ये रॉक अँड रोलवाला एल्व्हिस प्रेस्ली लष्करातून परत आल्यावर त्याला आपल्या कार्यक्रमात बोलावलं, दोघांनी एकमेकांची गाणी म्हटली, ते बघायला बरं वाटतं एवढंच, गाणं म्हणून त्यात दम नाही. रॉक अँड रोलला तोंडभर शिव्या घालून झाल्यावर त्याच पोराला लाखावर डॉलर देऊन बोलवायचं, धंदा तो धंदा.

आता सिनेमा. इथे मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. १९४५ च्या त्या जीन केलीबरोबरच्या सिनेमात, ज्यात दोघं नौदलाचे खलाशी आहेत, केलीने त्याला अक्षरशः नाचायला शिकवलं आणि बिचारा काडीसारखा पोरगा जिवाच्या आकांताने पाय टाकतोय हे दिसतं. पण त्याच सिनेमात हॉलीवुड बोलचं ते भलंमोठं रिकामं थिएटर आहे, तिथे तो पियानोपाशी बसून एक छोटंसं गाणं म्हणतो, आणि हा खरा कोण आहे ते त्या दोन मिनिटांत कळतं. पुढे घसरण झाली, १९५० मध्ये घशात रक्तस्राव, स्टुडिओने सोडलं, रेकॉर्ड कंपनीने सोडलं. मग १९५३ मध्ये 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी', आठ हजार डॉलरवर, म्हणजे त्याच्या मानाने चहापाण्याच्या पैशात, मॅजिओ नावाच्या शिपायाचा रोल, ऑस्कर घेऊन आला. आणि त्यात तो गात नाही! गाण्याने वर आलेला माणूस न गाता वाचला. त्यानंतरची गाणी ऐक, त्यात शब्दांना जो वजनदारपणा आलाय तो मला तरी त्या अभिनयातून आलेला वाटतो. तुला पटणार नाही, माहितीये.

आणि इथेच मला आपला तलत महमूद आठवतो. तोही दिसायला देखणा, आवाज मखमली, हीरो करा म्हणून लोक मागे लागले, सुरैयाबरोबर 'वारिस', नूतनबरोबर 'सोने की चिड़िया', अजून कितीतरी. डायलॉग आला की गडी अवघडतो, गाणं सुरू झालं की एकदम मोकळा. १९६८ मध्ये न्यूयॉर्कला जो फ्रँकलिनच्या टीव्ही शोमध्ये त्याची ओळख भारताचा फ्रँक सिनात्रा म्हणून करून दिली होती. अरे पण त्या सिनात्राला तासभर एकटा बसवून कॅमेरा जवळ नेणारे लोक होते, आपण तलतला तीन तासांच्या मेलोड्रामात ढकललं आणि चालला नाही म्हणून हात झटकले. वाईट वाटतं यार. आणि अरुण दाते, आपल्या इंदूरचे, टेक्स्टाइल इंजिनिअर माणूस, 'शुक्रतारा' म्हणताना कधी आवाज चढवला त्यांनी? तेही एकासाठीच गायचे. माझी आई मालवा हाउसवर, म्हणजे इंदूर आकाशवाणीवर, भावगीतं लागली की कुकरची शिट्टी काढून ठेवायची, आवाज मधे नको म्हणून. तिला सिनात्रा दाखवला तर म्हणाली, हा आपल्यातलाच दिसतोय, फक्त कपडे वेगळे.

तर आता तू असं कर, आधी जोबिमवालं, हेडफोन लावून. मग १९६५ चं, सलग, मधे मोबाइल न बघता, जमलं तर. मग तो हॉलीवुड बोलचा तुकडा. बॉक्सिंग रिंग सगळ्यात शेवटी, तेव्हा तुला त्या खरखरीत आवाजातही काय उरलंय ते ऐकू येईल आणि मग तू मला शिव्या घाल किंवा नको घालूस.

गणपतीत येतोयस का ते कळव, ही विचारत होती. सराफ्यातल्या खाऊगल्लीत आता इतकी गर्दी असते की आपण लवकर जाऊ, नाहीतर गराडू, ते तळलेले कंद, थंड मिळतात. अरे हो, गणपतीत गराडू कुठले, ते थंडीतले, मग भुट्ट्याचा कीस खाऊ. येताना तुझं ते चांगलं स्पीकर आण, माझ्या टीव्हीचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो.

तुझाच,
रामबागेतला

ता. क. वहिनींना सांग, सिनात्राच्या 'माय वे'ची कॉलर ट्यून तेवढी बदला.