जेसी पॉझिटिव्ह

नौपाडा, ठाणे
१८ जुलै

प्रिय सुमे,

फोनवर हे सगळं सांगणं मला जमेना. तुझ्याकडे पावसात रेंज जाते आणि मधल्या मध्ये ‘मेंदूचा व्हायरस’ एवढंच तुझ्या सासूबाईंच्या कानावर पडतं. म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे. वह्या तपासून झाल्या की निवांत वाच, मग भावोजींना दाखव.

आधी मुद्द्याचं. उज्ज्वलाच्या रिपोर्टवर ‘जेसी व्हायरस अँटिबॉडी पॉझिटिव्ह’ आलं, याचा अर्थ तिला एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिसच्या) जोडीला आणखी एक आजार झाला असा मुळीच नाही. मोठ्या माणसांची ही टेस्ट केली तर निम्म्याहून जास्त पॉझिटिव्ह निघतात. तुझी केली तर तुझीही निघेल कदाचित. हा विषाणू बहुधा लहानपणीच अंगात शिरतो. ताप नाही, पुरळ नाही, कुणाला पत्ता लागत नाही. मूत्रपिंडात ठाण मांडतो, अधूनमधून लघवीतून बाहेर पडतो, आणि माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातो. एचआयव्हीच्या पॉझिटिव्हशी याचं काही नातं लावू नका. शेजारच्या काकूंनी जे काही सांगितलं असेल, ते त्यांच्यापाशीच राहू दे.

मग टेस्ट केलीच कशाला? कारण डॉक्टर तिला नॅटालिझुमॅब द्यायचं म्हणताहेत. एमएसमध्ये आपल्याच पांढऱ्या पेशी मेंदूत घुसून नासधूस करतात. हे औषध त्यांना रक्तातून मेंदूत शिरूच देत नाही. काम चोख करतं, ॲटॅक खरोखर कमी होतात. पण त्याच पेशी मेंदूत राखणही करत असतात. ती थांबली, की हजारांत एखाद्याच्या मेंदूत हा जेसी विषाणू कामाला लागतो. त्यातून जो आजार होतो तो पीएमएल, प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्युकोएन्सेफॅलोपथी. आमच्या लॅबच्या फॉर्मवर एवढं नाव मावत नाही, त्यामुळे सगळे पीएमएलच म्हणतात.

मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, हे तू नववीला शिकवतेसच. ते तयार करणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींमध्ये हा शिरतो, स्वतःच्या प्रती काढतो, पेशी फोडतो आणि शेजारची धरतो. जिथे डाग पडेल तिथलं काम बंद: कुणाचा एक हात, कुणाची अर्धी नजर, कुणाची वाचा. आठवड्याआठवड्याने वाढत जातं. आणि या विषाणूला मारणारं औषध आजही नाही. हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही, कारण इंटरनेटवर तू ते वाचलंच असशील.

मला यातलं संशोधन पहिल्यापासून ओढ लावतं, ते मात्र वेगळ्या कारणाने. १९५८ साली ऑस्ट्रम, मॅन्कॉल आणि रिचर्डसन या तिघांनी रक्ताच्या आणि लसीकाग्रंथींच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये हा आजार पहिल्यांदा नीट वर्णन केला. कारण माहीत नव्हतं. १९६५ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मेंदूच्या पेशींत विषाणूचे कण दिसले. १९७१ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला पॅजेट आणि तिच्या सहकाऱ्यांनी तो मानवी मेंदूच्या पेशींवर वाढवून दाखवला, आणि ज्या हॉजकिन्सच्या, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, रुग्णाच्या मेंदूतून तो मिळाला त्याच्या नावाची आद्याक्षरं विषाणूला दिली. तोवर हा प्रकार पाठ्यपुस्तकातल्या तळटीपेएवढाच होता. पुढे एड्स आला आणि चित्र पालटलं. एचआयव्हीची चांगली औषधं येण्याआधी एड्सच्या शंभरातल्या पाचजणांपर्यंत हा आजार गाठायचा. नंतर नवी जैविक औषधं आली, तशी ती वापरणाऱ्यांत दिसू लागला. म्हणजे बघ, विषाणू तोच, आपल्यातच बसलेला. प्रतिकारशक्ती दाबायची नवी तऱ्हा निघाली की हा तिथे हजर.

नॅटालिझुमॅबचीच गोष्ट घे. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये कंपनीने ते बाजारातून मागे घेतलं, कारण एमएसच्या दोघांना पीएमएल झाला. मग जुन्या चाचण्यांमधले रुग्ण पुन्हा तपासायला घेतले. त्यात क्रोन्सचा, म्हणजे आतड्याच्या एका आजाराचा, एक रुग्ण निघाला. तो आधीच गेला होता आणि त्याच्या मेंदूतल्या डागाला ब्रेन ट्यूमर म्हणून नोंदवलं होतं. तोच तुकडा पुन्हा पाहिला तर पीएमएल! फ्रीझरमध्ये ठेवलेलं त्याचं जुनं सीरम तपासलं, तर लक्षणं दिसायच्या आधीपासून त्यात विषाणूचा डीएनए होता. कुणी शोधला नव्हता, एवढंच. ही हकीकत मी लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला सांगते. २००६ मध्ये औषध परत आलं, कडक देखरेखीसह. उज्ज्वलाची अँटिबॉडी टेस्ट हा त्या देखरेखीचाच भाग आहे.

आता माझं काम. रबाळ्याला आमच्याकडे पाठीतल्या पाण्याचे नमुने येतात. परवाचा एक सांगते, कुणाचा ते मलाही माहीत नाही, आम्हाला फक्त बारकोड दिसतो. थर्मोकोलचा डबा, आइसपॅक, त्यात बारीकशी ट्यूब, आत जेमतेम दीड मिली स्वच्छ पाणी. त्यातलं दोनशे मायक्रोलिटर घेऊन डीएनए वेगळा केला, प्लेट पीसीआर मशीनवर चढवली (ते विषाणूचा डीएनए फेरीमागून फेरी वाढवत नेतं) आणि पडद्याकडे बघत बसले. पस्तिसाव्या सायकलपर्यंत, म्हणजे फेरीपर्यंत, रेष सपाट. छत्तिसाव्याला किंचित उचलली. इतक्या उशिरा उचललेल्या रेषेवर एकदम कुणी सही करत नाही. उरलेल्या पाण्यातून पुन्हा दोनदा लावलं, दोन्ही वेळा उचलली. विषाणू होता, अगदी मोजका. अशा वेळी ‘डिटेक्टेड’ टाइप करताना बोटं जड होतात गं. उलटंही तितकंच अवघड असतं. रेष सपाट राहिली म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. एमआरआयवर चित्र तसंच असेल तर पुन्हा पाणी काढावं लागतं, कधी मेंदूचा तुकडाही.

खरं सांगू, माझी तक्रार वेगळीच आहे. डॉक्टरांकडून येणाऱ्या फॉर्मवर पहिल्यांदा टीबीवर टिक असते, मग क्रिप्टोकॉकस, मग टॉक्सो, या मेंदूच्या दुसऱ्या संसर्गांवर. जेसीवर टिक येते ती चौथ्या-पाचव्या आठवड्याला, जेव्हा माणूस खाटेवरून उठेनासा झालेला असतो. डॉक्टरांना तरी किती दोष द्यायचा? आपल्याकडे टीबी खरोखरच जास्त. पण २००३ मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेतल्या संशोधकांनी एक प्रश्न छापून विचारला होता, भारतात आणि आफ्रिकेत पीएमएल इतका कमी का दिसतो? आपल्याकडचा विषाणूचा प्रकारच सौम्य आहे का? की रुग्ण टीबीने आणि बाकीच्या संसर्गांनी आधीच जातो, पीएमएलपर्यंत पोचतच नाही? मी त्यात माझं एक वाक्य जोडते: की आपण शोधतच नाही? आपल्याकडे सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, २००४ पासून फुकट मिळते, माणसं जास्त जगतात. २००७ पासून कॅन्सरवरचं रिटुक्सिमॅब देशी बनावटीचं मिळतं. ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराच्या) दोन रुग्णांना ते घेतल्यावर पीएमएल झाला म्हणून अमेरिकेने त्याच्याआधीच, २००६ मध्ये, इशारा दिला होता. खारघरला, जिथे आपण कॉलेजात असताना पांडवकड्याला भिजायला जायचो, तिथल्या ॲक्ट्रेक या टाटाच्या कॅन्सर संशोधन केंद्रात आयआयटीच्या लोकांसोबत देशातल्या पहिल्या कार-टी उपचाराच्या (रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, बदलून कॅन्सरवर सोडायच्या) चाचण्या झाल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. अभिमानाचीच गोष्ट. पण यातली बरीच औषधं बी-पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, पुसून टाकतात, प्रतिकारशक्ती कित्येक महिने खाली राहते. म्हणजे ज्यांच्या बाबतीत जेसीचा विचार करायला हवा, अशी माणसं ठाणे-नवी मुंबईत वाढत जाणार. ‘दुर्मिळ’ म्हणून फॉर्मच्या तळाशी ढकलायचे दिवस संपले, असं माझं मत आहे, आणि ते मी आमच्या मीटिंगमध्ये कंटाळा येईपर्यंत मांडते.

उपचाराच्या संशोधनात अपयशांची रांग आहे. कॅन्सरचं सायटाराबिन वापरलं, १९९८ च्या चाचणीत काही फरक पडला नाही. सिडोफोव्हिरचंही तेच. मग काचेच्या थाळीत मेफ्लोक्विनने विषाणू थांबवला, होय, तीच मलेरियाची गोळी. माणसांत मात्र उपयोग शून्य. मोठी अडचण अशी की हा विषाणू माणसाशिवाय कुणाला धरत नाही, त्यामुळे उंदरावर आजार उतरवता येत नव्हता. २०१४ मध्ये एका गटाने उंदरांच्या मेंदूत माणसाच्या ग्लिया, म्हणजे मज्जातंतूंना आधार देणाऱ्या, पेशी वाढवून ही अडचण ओलांडली, आणि दिसलं काय, तर विषाणू पहिल्यांदा त्यातल्याच दुसऱ्या प्रकारच्या, ॲस्ट्रोसाइट पेशी धरतो. आजवरची सगळी पुस्तकं ऑलिगोडेंड्रोसाइटभोवती फिरत होती!

आणखी एक गोष्ट, ही मला सर्वांत विलक्षण वाटते. लघवीत सापडणारा जेसी आणि मेंदूत सापडणारा जेसी तंतोतंत एक नसतात. जेमतेम पाच हजार अक्षरांचा गोल डीएनए. प्रथिनांचे भाग बहुतांशी तेच, पण जिथून सगळ्याचा ताबा चालतो तो छोटा पट्टा मेंदूतल्या विषाणूत उलटसुलट झालेला असतो: एखादा तुकडा गळालेला, एखादा दोनदा आलेला. म्हणजे मूत्रपिंडात निमूट राहणारा विषाणू आपल्याच शरीरात वर्षानुवर्षं राहून बदलतो आणि मग मेंदूत वाढायला लायक होतो. हे नेमकं कुठे आणि कधी घडतं यावर अजून वाद चालू आहेत. हे कोडं सुटलं तर धोका कुणाला आहे हे आधी ओळखता येईल, असं मला वाटतं.

सध्याचा एकमेव खरा उपाय म्हणजे प्रतिकारशक्ती परत आणणं. नॅटालिझुमॅब घेणाऱ्यात औषध थांबवायचं, एचआयव्ही असेल तर एआरटी सुरू करायची. पण त्यातही मेख आहे. इतके दिवस बाहेर राहिलेल्या पेशी एकदम मेंदूत घुसतात, आणि दंगल थोपवायला आलेल्या पोलिसांनी सगळ्या गल्लीवरच लाठी चालवावी तसं होतं. सूज वाढते, रुग्ण आणखी बिघडतो. मग स्टेरॉइड. किती आणि कधी, हा तारेवरचा खेळ. २०१८ मध्ये ह्यूस्टनला तिघांना दात्याच्या टी-पेशी दिल्या. त्या जेसीसाठी नव्हे, त्याच्या भावकीतल्या बीके विषाणूविरुद्ध तयार केलेल्या होत्या. दोघांच्या पाण्यातून जेसी नाहीसा झाला. तिसरीच्या पाण्यातला घटला, ती काही महिने स्थिर राहिली आणि नंतर गेली. २०१९ मध्ये कॅन्सरचं पेम्ब्रोलिझुमॅब आठजणांना दिलं, पाचजण सुधारले किंवा स्थिरावले. आठातले पाच! मोठा आकडा नाही, पण ज्या आजारात आधी हात टेकायचे, तिथे मी तो निबंध ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत उभी राहून शेवटपर्यंत वाचला होता. बाकीच्या तिघांना फायदा झाला नाही, हेही त्यात स्वच्छ लिहिलंय.

तर उज्ज्वलाचं. घाबरून औषध नाकारू नका, हे माझं पहिलं सांगणं. एमएस मोकळा सोडला तर तो तिचे पाय आज घेईल. पीएमएल ही फार लांबची शक्यता. डॉक्टरांना विचार, अँटिबॉडीचा इंडेक्स, म्हणजे तिचं प्रमाण, किती आला? ०.९ च्या आत असेल तर धोका बराच कमी, १.५ च्या वर असेल तर बोलायला हवं. तिने आधी प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी औषधं घेतलीत का, हेही धर. तिची ती जुनी फाइल शोधून ठेव. धोका मुख्यतः दोन वर्षांनंतर वाढतो, तेव्हा सुरुवात करून पुढे औषध बदलणं हाही मार्ग असतो. चारऐवजी सहा आठवड्यांनी डोस दिला तर धोका कमी होतो असं दिसलंय, त्याबद्दल विचार. आणि एमआरआय ठरल्या वेळी, ‘बरं वाटतंय ना, मग कशाला खर्च’ असं कुणी म्हणालं तर माझं नाव सांग.

लक्ष कशावर ठेवायचं, ते भावोजींनाही समजावून दे. एमएसचा ॲटॅक साधारण दोन-चार दिवसांत चढतो. एक बाजू आठवडे आठवडे हळूहळू लुळी पडत गेली, बोलताना शब्द सापडेनासे झाले, समोरचं अर्धंच दिसू लागलं, वागणं बदललं, तर ‘पुन्हा एमएसच आला’ म्हणून घरी थांबू नका. थेट न्यूरोलॉजिस्टकडे, आणि पाणी काढलं तर जेसीची टिक पहिल्या फॉर्मवरच करायला सांगा.

तिचा रिपोर्ट मला पाठव, पण मोबाइलवर काढलेला वाकडा फोटो नको, लॅबची पीडीएफ पाठव. इंडेक्सचा आकडा दुसऱ्या पानावर खाली असतो, तो फोटोत नेहमी कापला जातो. एमआरआयची सीडी कुरिअरने टाक. आमच्या ओळखीच्या एक रेडिओलॉजिस्ट बाई आहेत, गुरुवारी भेटतात. सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
मंजू