ती गोळी कुणाच्या तोंडची होती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला कोरोनाकाळावरचा लेख वाचला. लेखकांनी मेहनत घेतली आहे, मान्य. पण 'सोलापुरात औषधांची टंचाई जाणवली नाही' हे वाक्य आलं आणि पुढचं वाचवेना.

माझ्या मुलीला ल्युपस आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर, कातडीवर, किडनीवर उलटते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी ती कित्येक वर्षं रोज घेते. मार्च 2020 मध्ये आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, हीच गोळी आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि बाधितांच्या घरच्यांना प्रतिबंधासाठी सुचवली, आणि बघता बघता ती दुकानांतून गायब झाली. काहीच झालेलं नव्हतं अशा लोकांनीही घरात साठा केला. 26 मार्चला सरकारने ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असं बजावलं. बरंच केलं. पण आमचे डॉक्टर पुण्याला, हुतात्मा एक्स्प्रेस बंद, चिठ्ठी मोबाईलवर आलेली. ह्यांनी सायकलवर नवी पेठेपासून सात रस्त्यापर्यंत दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी गोळी होती, तर 'कागदावरची चिठ्ठी आणा' म्हणून परत पाठवलं. मोबाईलवरची चिठ्ठी चालते, हे केंद्राच्या टेलिमेडिसिन (फोनवरून, दुरून डॉक्टरी सल्ला) नियमांत 25 मार्चलाच आलं होतं. दुकानदाराला ते ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं.

मुलीने साखरेच्या डब्याच्या झाकणात गोळ्या ओतून मोजल्या. अकरा निघाल्या. त्या ती दिवसाआड घेऊ लागली, आम्हाला न सांगता. मे सरता सरता चहाचा कप तिला धरवेना. बोटं सुजली, नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाल चट्टा उठला, लघवीला फेस येऊ लागला. स्टिरॉइड वाढवावं लागलं. ते वाढलं की कुठलाही संसर्ग लवकर गाठतो, आणि बाहेर कोरोना! पुढे जूनमध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' नावाच्या औषधचाचणीत दिसलं, की दवाखान्यात दाखल कोरोनारुग्णांना या गोळीचा फायदा नाही. तोवर माझ्या मुलीचे हाल होऊन गेले होते.

आणखी एक. ल्युपसच्या रुग्णाला ऊन बाधतं, दुखणं उसळतं. तरी केसपेपरची रांग आजही भर उन्हात लागते, तीही आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये. चार बांबू रोवून वर हिरवी जाळी बांधायला किती खर्च येतो?

त्या वाक्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

— एका रुग्णाची आई, जुळे सोलापूर